सिसिल, तुझ्या कार्डावर काय लिहू?

सिसिल, बाई, तुला काही कल्पना आहे का, तू गेलीस ती माझ्या डोक्याला केवढा ताप देऊन गेलीस!

जेवणाच्या सुट्टीत हे ठोकायला बसलेय. ऑफिसात नवं मराठी टाइपरायटर मशीन आलंय, तू बघितलंच नाहीस. खोका उघडला तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. इंग्लिश मशीनवर माझी बोटं कशी पळतात तुला माहीत आहे, पण इथे मेली एकेका वेलांटीला अडखळतात, आणि मला तर सगळं एकदम सांगायचंय. चुका होतील. खोडत बसणार नाही. तू समोरच्या टेबलावर असतीस तर बोलली असतीस, "शालू, हळू गं, मशीन आहे, ढोलकी नाय."

तर ऐक. तुझा भाऊ पास्कल आला होता आपल्या कारखान्याच्या गेटवर. अंधेरीच्या गॅरेजातून थेट, हाताला काळं ग्रीस तसंच. मला बोलावून घेतलं आणि एक घडी घातलेला कागद पुढे केला. "सिसिलला महिना होईल, चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा आहे, तिथे आठवणीची कार्डं वाटायचीत. प्रेसवाला बोलतो, टाइप करून द्या. तूच करून दे शालू. तुझ्या हातचं असलं तर सिसिलला बरं वाटेल."

मी म्हटलं, हो, दे की, त्यात काय. आणि कागद उघडला. वर लिहिलेलं, इथे फोटो. खाली तुझं नाव. त्याच्या खाली एक वाक्य. 'शी बोर हर लाँग इलनेस विथ पेशन्स अँड फॉर्टिट्यूड.' म्हणजे काय, तर तिने आपलं लांबलेलं दुखणं सोशिकपणाने आणि धीराने सहन केलं.

तू? सोशिक?

अगं, कँटीनच्या चहात साखर कमी पडली तर तू त्या माणसाच्या सात पिढ्या काढायचीस! बसमध्ये पायावर पाय पडला तर अख्ख्या बसला कळायचं की मरोळची पोरगी बसलीय आत. आणि हे लिहितायत सोशिकपणा!

पास्कलशी तिथे भांडणार कशी? तो इतका थकलेला दिसत होता. कागद घेतला, टेबलावर आले, मशीनमध्ये कोरा कागद चढवला आणि बसून राहिले. 'एस' दाबला आणि पुढे बोट जाईना. मी, जिला साहेब म्हणतात की हिच्या बोटांना ब्रेक नाही! हेडक्लार्क जाता जाता बोलले, "काय शालूबाई, मशीन बिघडलंय?" मी म्हटलं, मशीन ठीक आहे, मजकूर बिघडलाय.

तू म्हणशील, एका वाक्यासाठी एवढी आग कशाला पाखडतेस. कशाला म्हणजे? ही कार्डं तुमच्याकडे प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. तूच दाखवली होतीस मला, तुझ्या आईच्या पुस्तकात. आजोबा, दोन काकी, कोण कुठले शेजारी. पानं उलटली की एकेक खाली पडायचं. आणि कार्डावर सगळेच्या सगळे कसे शांत, प्रेमळ, सोशिक. मी तुला विचारलं होतं, "काय गं, तुमच्या मरोळात एकसुद्धा भांडकुदळ माणूस मेला नाही का?" तू हसून हसून खाटेवर लोळलीस. "मेले ना! पण कार्ड छापलं की सुधरतात."

मग आता तू सुधरणार? उद्या पास्कलची पोरं, त्यांची पोरं ते कार्ड उचलणार आणि म्हणणार, ही आपली एक आत्या होती, फार सोसलं हो बिचारीने, पण ब्र काढला नाही. झालं! तुझी वाट लागली. तू म्हणून जी काय होतीस ती संपली, आणि जी राहिली ती कोणीतरी भलतीच.

आणि खरी पंचाईत कुठे आहे सांगू? त्यातला तो फॉर्टिट्यूड शब्द तुला आवडायचा. हेच तर! नावडता असता तर मी डोळे मिटून खोडला असता.

घाटकोपरचा तो आपला क्लास आठवतो ना. पिठाच्या गिरणीच्या वरचा. गिरणी चालू झाली की बाकं थरथरायची आणि टिपणीस सरांचा चष्मा हळूहळू नाकावरून घसरायचा. बाहेर मराठी राज्यासाठी मोर्चे निघत होते, माझा भाऊ रोज घसा बसवून घरी येत होता, आणि आपण दोघी ऑफिस सुटल्यावर पिठाच्या वासात बसून इंग्लिश बोलायला शिकत होतो, कारण साहेबाने सांगितलेलं, नुसतं टाइप करून पगार वाढत नाही, फोनवर बोलता आलं पाहिजे. सर दर आठवड्याला एक विषय घ्यायचे. बँकेत काय बोलायचं, स्टेशनवर काय, लग्नाला गेलात तर काय. आणि मग आला तो संकटाचा आठवडा. फळ्यावर सरांनी ओळीने लिहिलं. बेअर. एन्ड्युअर. करेज. पेशन्स. फॉर्टिट्यूड. 'बेअर अप', म्हणजे धीर धर. 'कीप युवर चिन अप', म्हणजे हनुवटी वर ठेव. मला तर हसूच आलं. आमच्या चाळीत संकट आलं की बाया पदर डोळ्याला लावतात, आणि हे म्हणे हनुवटी वर ठेवतात!

तू मात्र एकेक शब्द जिभेवर घोळवत होतीस. फॉर्टिट्यूड. घरी जाताना बसस्टॉपवर तीनतीनदा बोललीस. "कसा कडक इस्त्रीचा आहे ना शब्द? घातला की माणूस सरळ उभाच राहणार."

आणि सरांचं ते रबराचं! त्यांनी सांगितलं, रेझिलिअन्स हा मूळचा रबराचा, स्प्रिंगचा गुण. दाबलं की परत वर येतं. तू लगेच हात वर केलास. "सर, माणसाला वापरला तर चालेल?" सर म्हणाले, चालवतात हल्ली काही जण. झालं, तुला हे मिळालं. तेव्हापासून कोणी कशी आहेस विचारलं की तू, "रेझिलिअंट!"

मी बोलले ना तुला तेव्हाच? आपल्या टाइपरायटरचा रोलर बघ म्हटलं. तोसुद्धा रबरच. नवा असतो तेव्हा मऊ असतो. मग रोज अक्षरं आपटून आपटून असा कडक होतो की 'ओ' मारला तर कागदाला भोक पडतं. रबरसुद्धा किती वर येणार? तू बोललीस, "मग रोलर बदलायचा असतो, बावळट." मी बोलले, "माणसाचा कुठे बदलून मिळतो?" तू बोललीस, "तू ना, मुद्दाम रडकी उदाहरणं काढतेस." तेवढ्यात बस आली. तुझी मरोळची बस नेमकी अशाच वेळी यायची, मी जिंकायला लागले की. ते भांडण तसंच लटकलं. अजून लटकलंय. आता मी कोणाशी भांडू ते?

त्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभं करून आपल्या आयुष्यातलं संकट इंग्लिशमध्ये सांगायला लावलं. मी नळावरच्या भांडणाची गोष्ट सांगितली, पाच मिनिटं, हातवारे करून, अर्धी मराठीत. मग तू उठलीस. "माय फादर डाइड. वुई मॅनेज्ड." आणि बसलीस. सरांनी टाळी वाजवली. "बघा, याला म्हणतात इंग्लिश पद्धत!"

मला इतका राग आला! वुई मॅनेज्ड? निभावलं? बाप गेल्यावर तुझ्या आईने डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहिल्या, पास्कलने शाळा सोडली, तुला तापात तसंच शेतावर जावं लागायचं, हे सगळं मला माहीत होतं, आणि तू दोन शब्दांत गुंडाळून ठेवलंस? रस्त्यात तुला धरलंच मी. "असं का बोललीस?"

तू चालता चालताच बोललीस, "मराठीत सांगितलं असतं तर रडले असते गं सगळ्यांपुढे. इंग्लिशमध्ये रडता येत नाय मला. तेवढी शिकले नाय अजून."

आणि मग स्वतःच फिदीफिदी हसायला लागलीस. मी पण हसले. आज ते आठवलं की हसू येत नाही, टेबल उलटवावंसं वाटतं. कारण पुढे तू तेच केलंस ना? दम लागायला लागला, ऑफिसचा जिना चढताना मधेच कठडा धरून उभी राहायचीस, आणि विचारलं की, "जस्ट टायर्ड." ओठ निळसर दिसायला लागले तरी, "ऑल राइट." लहानपणीच्या त्या सांध्याच्या तापाने काळजाची झडप खराब झाली होती, डॉक्टर बोलले. तिथपर्यंत तुझं आपलं ऑल राइट! त्या शब्दांच्या मागे जाऊन तू दार लावून घ्यायचीस, आणि मी बाहेर. मराठीत 'बरं नाही' बोलली असतीस तर मी तुला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. आता माझं डोकं रोज तिथेच जाऊन आपटतं.

हॉस्पिटलात मात्र मजा केलीस हां. कबूल करते. तुझे ते सगळे अंकल आणि आंटी! घरी कोंबड्यांना मराठीत शिव्या घालणारी माणसं, शेतात मराठी, बाजारात मराठी, नवरा-बायकोचं भांडण मराठीत, पण खाटेजवळ आली की एकदम इंग्लिश. टोपी काढायची आणि बोलायचं, "बेअर अप, माय चाइल्ड." त्यांना वाटायचं, आजाऱ्याशी इंग्लिशमध्येच बोलायचं असतं, फळं नेतात तसं. तू उशीला टेकून सगळ्यांना मार्क द्यायचीस. गेले की माझ्या कानात, "बी ब्रेव्ह, पास. कीप स्मायलिंग, नापास, दात नाहीत त्याला स्वतःला. आणि ह्या आंटीचं काय समजलंच नाय, पण केळी चांगली आणली."

आणि मीठ! डॉक्टरांनी मीठ बंद केलं तुझं. पाय सुजले होते, त्यात पाणी साठतं म्हणून. तुझी आई बिनमिठाची पेज घेऊन यायची मरोळहून, दोन बस बदलून. आणि तू? त्या दिवशी मी होते तिथे. वाटी उचललीस आणि भिंतीवर भिरकावलीस. नर्स धावत आली. तू ओरडलीस, "मला सुक्या बोंबलाची चटणी पाहिजे! मीठ घालून! मरायचंच आहे तर चवीने मरते!" आणि मग एकदम आवाजच खाली गेला तुझा. "नाय गं शालू. मला मरायचं नाय. मला नाय मरायचं."

मराठीत बोललीस. मी तुझे पाय चेपत बसले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, भरून यायचा नाही लवकर.

हे मी कार्डावर कुठे टाइप करू, सांग?

म्हणून मग काल रविवारी उठले आणि सरळ तुझ्या घरी गेले. ठरवूनच गेले होते, ते वाक्य मी टाइप करणार नाही, दुसरं कोणी शोधा. तुमच्या अंगणात तुझी आई मसाला कुटत होती. वर्षाचा मसाला, बाटल्यांत भरून ठेवायचा तो. या वर्षी करायचा नाही असं शेजारणी बोलल्या होत्या म्हणे, दुखवट्यात कशाला. तुझी आई बोलली, मिरच्या काय दुखवटा पाळतात? बुरशी लागेल. आणि लांब मुसळ घेऊन एकटीच हाणत होती. अख्ख्या अंगणात मिरचीची धूळ. मला बघितलं तरी मुसळ थांबलं नाही.

पास्कल ओट्यावर बसलेला. मी तिथे उभी राहूनच बोलले, "हे वाक्य खोटं आहे." आणि वर लागोपाठ चार शिंका आल्या. सगळा जोर गेला.

पास्कल बोलला, "खोटं कसं? फादरनी वाचलंय. सगळ्यांच्या कार्डावर असंच असतं."

"सगळे मेल्यावर सुधरतात म्हणून!"

"मग काय छापू? ती हॉस्पिटलात वाट्या फेकायची, असं? अख्खं गाव येणार मिस्सेला शालू. जरा डोकं वापर."

मुसळ थांबलं. तुझी आई बोलली, "काय लिवलंय त्या कागदावर? मना कोण सांगलंच नाय."

तिला इंग्लिश कुठे येतं! आणि घरात कोणी तिला विचारलंही नव्हतं. मी मराठीत सांगितलं. तिने सोशिकपणाने सहन केलं, धीराने.

तुझ्या आईने पदराने तोंडावरची मिरची पुसली. "सहन केलं? माज्या सोकरीनं? मग मी रोज हॉस्पिटलात जाऊन कोनाशी भांडत होती गो? मिठासाठी माजा हात पिरगळला तिनं. येवढी ताकद होती. मना बोलली, आये, तू माजी आये हाय का डॉक्टरची? जगायचं होतं माज्या पोरीला. ते लिव."

मला वाटलं, जिंकले! एकदाचं भांडण मी जिंकले! मी पास्कलकडे वळले, आता बोल म्हणून. आणि बघते तर पास्कलचा चेहरा असा झालेला की मी काय सांगू.

"माझ्यासमोर ती असलं काही बोलली नाय," तो बोलला. "मी संध्याकाळी जायचो तर नीट केस विंचरून बसलेली असायची. हाउ आर यू, मिस्टर मेकॅनिक, असं विचारायची. मी बोलायचो, दुखतं का? तर बोलायची, नथिंग आय कान्ट बेअर. काहीच असं नाही की सोसवत नाही. हसायची. मला वाटलं, तिला खरंच…"

बघ! बघ काय करून ठेवलंस! तुझ्यासाठी ज्याने शाळा सोडली त्याला तू दुखणं दाखवलंच नाहीस. त्याच्यासाठी रोज संध्याकाळी तो कडक इस्त्रीचा शब्द घालून बसलीस. आईसाठी वेगळी सिसिल, माझ्यासाठी वेगळी, त्याच्यासाठी वेगळी. म्हणजे त्याने ते वाक्य फादरना खूश करायला लिहिलेलं नव्हतंच. त्याने जे बघितलं तेच लिहिलेलं. ते खोडायचं म्हणजे त्याची बहीण खोडायची. मला इतका संताप आला तुझा, सिसिल, आणि त्यातच इतकं भरून आलं, की मी ओट्यावर खाली बसले, मिरचीच्या धुळीतच.

मग पास्कलच बोलला, "वाटी कशी फेकली ते सांग."

"कशाला?"

"सांग ना."

मग मी सांगितलं. सगळं, मराठीत, हातवारे करून. वाटी, नर्स, बोंबलाची चटणी, आंटीची केळी, मार्क. त्यात तुझी आई मधेमधे भर घालत होती, अंगणातूनच. दात नसलेल्या अंकलचं ऐकून पास्कल हसायला लागला. "तो? तो तर माझा गॉडफादर आहे गं!" आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्यालाच कळलं नाही. तुझ्या आईने मुसळ भिंतीला टेकवलं, आत गेली, आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. कोणी कोणाला बेअर अप बोललं नाही.

मग ठरलं. म्हणजे तुझ्या आईनेच ठरवलं. "दोनी लिव," बोलली. "माजंबी, त्याचंबी. माजं वर." पास्कल बोलला, वरचं फादरना चालेल का? तुझी आई बोलली, "फादरला मी मसाल्याची बाटली देतंय दर वरसाला. चालंल."

तर आत्ता, हे संपवलं की इंग्लिश मशीनवर जाऊन ते टाइप करणार. वर 'शी वाँटेड टू लिव्ह', आईचं. जगायचं होतं तिला. टिपणीस सरांच्या संकटाच्या आठवड्यात हे नव्हतं, हे पहिल्याच आठवड्यातलं इंग्लिश आहे, तुला फार साधं वाटेल. त्याच्या खाली पास्कलचं, फॉर्टिट्यूडसकट, जसंच्या तसं.

साहेब येतील आता, सुट्टी संपत आली. माझं वाक्य त्या कार्डावर नाही, सिसिल. मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, आणि चिडलेल्या माणसाला कार्डावर जागा नसते.